हाय-रेझ फायली आणि ॲम्प्लिफायर : सोयरीक कशी जुळवावी?

वावरवाला (सोमवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. हिंगणघाटकडे गाव आहे आमचं, घरी कपाशी आणि तूर. यंदा तुरीचे पैसे बरे हाती आले, तेव्हा घरच्यांची नजर चुकवून एक डॅक (डिजिटल फाईलचा ॲनालॉग सिग्नल करणारं यंत्र) घेतला. डब्यावर ३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ, डीएसडी५१२ असं सगळं छापलेलं आहे. हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या, फायलीही जमवल्यात : बऱ्याचशा २४/९६ फ्लॅक (२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ), काही २४/१९२, दोन-चार डीएसडी६४ (हा वेगळाच, एका बिटचा फॉरमॅट). बॉक्स (स्पीकर) नागपूरहून सेकंडहँड आणले, ६ ओहम, ८६ डीबी.

अडलंय ते ॲम्प्लीवर. सध्या एलए४४४० चिपचा जुना बोर्ड आहे, तोही ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. पहिला दुकानदार म्हणाला, हाय-रेझ ऐकायचं तर क्लास ए शिवाय इलाज नाही. दुसरा म्हणाला, डिजिटल फायलीला डिजिटल ॲम्प्लीच लागतो, क्लास डी घ्या. तिसऱ्याने व्हॉल्व्ह दाखवला, किंमत ऐकून मी पाणी मागितलं.

खोली १२ बाय १४, मातीच्या भिंती, वर कवेलू. उन्हाळ्यात कूलर चालू असतो. बजेट वीस-पंचवीस हजार. कोणत्या फॉरमॅटला कोणता ॲम्प्ली शोभतो, जरा पत्रिका जुळवून द्या.

ठेचाभाकर (रात्री ९:१४)

पहिला! ४४४० वर ७६८ किलोहर्ट्झ म्हणजे बंडीले विमानाचं तिकीट.

पुणेरी_कान (रात्री १०:०२)

तुमच्या पहिल्या दुकानदाराला कळतंय. २४/१९२ फायलीत ९६ किलोहर्ट्झपर्यंतची माहिती असते, म्हणजे ॲम्प्लीची बँडविड्थही (तो किती वरच्या स्वरापर्यंत पोचतो ते) निदान १०० किलोहर्ट्झ हवी. क्लास डी मध्ये शेवटी कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर असतो, त्याच्या पुढे विशेष काही जात नाही. एबी मध्ये दोन ट्रान्झिस्टर अर्धी-अर्धी लाट वाटून घेतात, त्या सांध्यावर क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन आलंच. ए घ्या, कमी वॅटचा घ्या, पण ए घ्या. चांगलं ऐकायचं तर तडजोड नको.

तीनहजारपंचावन्न (रात्री १०:४०)

पुणेकर भाऊ, घेऊ द्या त्याले क्लास ए, पण मे महिन्यात त्याच्यावर पापड भाजाले ठेवजा म्हणा.

माहं रिपेरिंगचं दुकान आहे, तालुक्याच्या गावी, पंचवीस वर्षं झाली. क्लास ए म्हणजे ट्रान्झिस्टर कधीच झोपत नाही. गाणं असो नसो, पुरा करंट वाहूनच राहते. २० अधिक २० वॅट पाहिजे तर भिंतीतून दीडशेच्या वर वॅट रात्रंदिवस खाते आन् सगळं गरमीत काढते. हीटसिंक खोलीपेक्षा पंचवीस-तीस डिग्रीनं वर. पुण्यात खोली तीसची, म्हणजे साठ झाली, चाललं. आमच्या इकडे नवतप्यात कवेलूच्या खोलीत बेचाळीस असते. हिशेब करा.

एका डॉक्टरसाहेबाले मी स्वतः बनवून देल्लता, २एन३०५५ वर. आवाज खरंच गोड, खोटं कायले बोलू. तिसऱ्या उन्हाळ्यात फिल्टरचे कपॅसिटर फुगून आले, भाकरीसारखे. दहा डिग्री वाढली का कपॅसिटरचं आयुष्य अर्धं, हा साधा हिशेब आहे. आता ते साहेब फक्त डिसेंबर-जानेवारीत लावतात. हुरडा पार्टीले.

ठेचाभाकर (रात्री १०:४३)

हंगामी ॲम्प्ली. रब्बीचं पीक.

निवृत्त_ओव्हरसियर (मंगळवार, सकाळी ६:३०)

वावरवाले, आपण दोन वेगळे प्रश्न एकत्र केलेत, ते आधी सोडवू.

पहिलं म्हणजे क्लास डी मधला डी डिजिटलचा नव्हे. ए, बी, सी अशी नावं आधी देऊन झाली होती, पुढचं अक्षर डी म्हणून डी. त्यात ट्रान्झिस्टर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद, सेकंदाला काही लाख वेळा. चालू किती वेळ आणि बंद किती वेळ, या प्रमाणात गाणं दडलेलं असतं आणि शेवटचा फिल्टर ते गाळून काढतो. आत येणारा सिग्नल बहुतेक वेळा ॲनालॉगच. अर्धवट चालू अवस्थेत ट्रान्झिस्टर राहत नाही म्हणून गरम कमी होतो आणि कार्यक्षमता नव्वद टक्क्यांच्या आसपास जाते.

दुसरं, डॅकमधून बाहेर पडल्यावर फाईल फ्लॅक होती की डीएसडी, हे ॲम्प्लीला कळतच नाही. त्याच्यापर्यंत जाते ती एक वायर आणि तिच्यावर साधारण २ व्होल्टचा ॲनालॉग सिग्नल. म्हणून फॉरमॅट आणि ॲम्प्ली यांची पत्रिका जुळवण्यात अर्थ नाही. ॲम्प्लीची सोयरीक बॉक्सशी होते, आणि आपल्या भागात त्याहून जास्त एमएसईबीच्या लाईनशी. (नाव बदललं हे माहीत आहे, जीभ बदलत नाही.)

साध्या ट्रान्सफॉर्मरवरच्या क्लास एबी ॲम्प्लीत आतलं व्होल्टेज लाईनबरोबर खाली-वर होतं. गावात संध्याकाळी २३० चे १७० होतात. पॉवर व्होल्टेजच्या वर्गावर चालते, म्हणजे १७० भागिले २३०, त्याचा वर्ग, ०.५५. शंभर वॅटचा ॲम्प्ली पंचावन्नचा झाला. एसएमपीएसवर (स्विचिंग पॉवर सप्लायवर) चालणाऱ्या क्लास डी ला हा त्रास नाही. त्याचा सप्लाय १०० ते २४० व्होल्टमध्ये कुठेही आतलं व्होल्टेज जागच्या जागी ठेवतो.

झाडीपट्टी_साऊंडवाला (सकाळी ७:५५)

ओव्हरसियर साहेब बरोबर बोलले. मी वडसा भागात नाटकांना साऊंड देतो. दिवाळी झाली की सीझन सुरू, शिमग्यापर्यंत रोज वेगळं गाव, वेगळा जनरेटर. २००८ सालापर्यंत माझ्याकडे ५२००-१९४३ ट्रान्झिस्टरचे मोठे बोर्ड होते, एकेक ॲम्प्ली उचलायला दोन माणसं. रात्री अकराला नायिकेचं गाणं ऐन भरात आलं की जनरेटर दम टाकायचा आणि आवाज फाटायचा. आता सगळे क्लास डी, एक पोट्टं दोन ॲम्प्ली काखेत मारून नेतं. जनरेटर १८० वर आला तरी लोकांना कळत नाही.

२४ बिट म्हणाल तर आमचे प्रेक्षक शेकोटीजवळ शेंगा खात बसतात. टरफलांचाच आवाज किती बिटचा असतो ते मोजा.

पुणेरी_कान (सकाळी ९:२०)

नाटकाचा साऊंड आणि घरातलं ऐकणं यात फरक आहे हो. तिथे गर्दीला ऐकू जाणं महत्त्वाचं, इथे बारकावे. बँडविड्थच्या मुद्द्याला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

सातबारा (सकाळी ९:४१)

माझा मूर्ख प्रश्न : डीएसडी हे एका बिटचं असतं ना? चालू-बंद, चालू-बंद. क्लास डी पण चालू-बंद. मग डीएसडी थेट क्लास डी मध्ये ओतलं तर मधला डॅक वाचणार नाही का?

निवृत्त_ओव्हरसियर (सकाळी ११:०५)

सातबारा, प्रश्न मुळीच मूर्ख नाही. शार्प कंपनीने १९९९ च्या सुमारास याच विचाराने १-बिट ॲम्प्लिफायर काढले होते. त्यांचा वेग तोच, सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० वेळा, सीडीच्या ४४,१०० च्या बरोबर ६४ पट. डीएसडी६४ मधले ६४ ते हेच. सोयरीक जुळते, पण प्रसार फार झाला नाही. बाजारातले बहुतेक क्लास डी ॲम्प्ली ॲनालॉगच मागतात.

पुणेरी_कान, आता बँडविड्थचं घ्या. माणसाचा कान तरुणपणी २० किलोहर्ट्झपर्यंत, साठीत माझा १०-११ पर्यंत. ४४.१ किलोहर्ट्झची सीडी २२ पर्यंतचं सगळं पकडते. त्याच्यावर जे उरतं ते ऐकू येत नाहीच, उलट त्रास देऊ शकतं. समजा फाईलमध्ये ३० आणि ३३ किलोहर्ट्झचे स्वर आहेत. ॲम्प्ली किंवा ट्वीटर थोडासा जरी वाकडा असला तर दोघांच्या फरकाचा ३ किलोहर्ट्झचा स्वर तयार होतो, आणि तो मात्र चांगला ऐकू येतो. मूळ गाण्यात तो नव्हताच. डीएसडी मध्ये तर गोंगाट मुद्दामच २० किलोहर्ट्झच्या वर ढकललेला असतो. म्हणून क्लास डी चा फिल्टर वरचं काही कापत असेल तर मी त्याला गुण म्हणेन.

पुणेरी_कान (दुपारी १२:१५)

हा ठरलेला युक्तिवाद आहे. लंडनच्या क्वीन मेरी युनिव्हर्सिटीतल्या जोशुआ रिस यांनी २०१६ मध्ये जुने १८ प्रयोग एकत्र तपासले होते. हाय-रेझ ओळखण्याचं प्रमाण निव्वळ अंदाजापेक्षा जास्त निघालं आणि सराव केलेल्या लोकांत आणखी वाढलं.

फिजिक्सचे_मास्तर (दुपारी २:४०)

जास्त निघालं, हे खरं. किती जास्त, तेही सांगा की. सगळे मिळून ५२.३ टक्के. नाणं उडवलं तर ५० येतात. आणि २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी बोस्टनमध्ये एसएसीडीचा (डीएसडीवाल्या हाय-रेझ डिस्कचा) आवाज मध्येच १६ बिट, ४४.१ च्या फिल्टरमधून काढून लोकांना ऐकवला होता. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा बरोबर. म्हणजे ४९.८ टक्के, नाण्यापेक्षाही किंचित कमी. रिस यांचा निष्कर्ष मी नाकारत नाही, सराव केलेल्या कानाला काहीतरी लागत असेल. पण त्या अडीच टक्क्यांसाठी २५ हजार घालायचे की बॉक्स बदलायचे?

आता माझा स्वतःचा प्रयोग. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, साधनं म्हणजे एक मोबाईल आणि आवाज मोजायचं ॲप. ॲप काही प्रयोगशाळेचं मीटर नव्हे, पण अंदाज येतो. घरी कूलर चालू असताना ६२ डीबी. गाणं मोठ्यात मोठ्या ठिकाणी १०० पर्यंत जातं, त्याच्यावर शेजारी दार ठोठावतात. म्हणजे मला मिळाली फक्त ३८ डीबीची फट. एका बिटाला ६ डीबी. भागून पाहा, सव्वासहा बिट.

३२ बिटचा डॅक, २४ बिटची फाईल, आणि कूलरसमोर सव्वासहा बिट!

ठेचाभाकर (दुपारी २:४२)

मास्तर, कूलरच्या डब्यावर «हाय-रेझ नाही» असं छापाले पायजे.

आर्वीची_लेक (दुपारी ३:१०)

😂 आमच्याकडे कूलरची टाकी भरायला उठलं की अर्धा राग संपलेला असतो.

पुणेरी_कान (दुपारी ४:००)

मास्तर, हिशेब विनोदी आहे पण पुरता बरोबर नाही. कूलरचा गोंगाट सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो. कान एकेका पट्टीत वेगळं ऐकतो, त्यामुळे गोंगाटाच्या खालचे स्वरही कळतात. लग्नाच्या वरातीत तुम्हाला तुमचं नाव ऐकू येतंच की.

फिजिक्सचे_मास्तर (दुपारी ४:२५)

मान्य. हा मुद्दा तुमचा. सव्वासहाचे आठ-नऊ धरू. सोळा तरी होत नाहीत.

रात्री कूलर बंद करून मोजलं तर ३४ आलं, म्हणजे अकरा बिट. ५०-६० च्या दशकातल्या स्टुडिओ टेपची स्वतःची पोचही (सळसळीपासून मोठ्यात मोठ्या आवाजापर्यंतची फट) ६०-७० डीबी, म्हणजे दहा-बारा बिटच. जुन्या गाण्यांचं २४ बिट रीमास्टर विकत घेणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. उरलेले बारा बिट टेपची सळसळ फार इमानदारीनं साठवतात.

तीनहजारपंचावन्न (संध्याकाळी ७:३०)

मास्तर, तुमची टेपची गोष्ट ऐकून मले हसू आलं. परवा एक पोट्टं आलं, म्हणे काका, यूट्यूबवर «२४ बिट हाय-रेझ» गाणं लावलं तरी आवाज साधाच येते, तुमचा ॲम्प्ली खराब आहे. मी म्हणलं, बाबू, यूट्यूबचं ऑडिओ दीडशे केबीपीएसच्या आसपास असते, वरून तू ब्ल्यूटूथवर पाठवून राहिला, तिथं तो अजून एकदा दाबला. नावात २४ बिट लिहिलं म्हणून दुधात लोणी वाढते का?

वावरवाले भाऊ, तुमचा फोन डॅकले लावत असान तर हेही पाहा. ॲन्ड्रॉइड बरेचदा सगळं ४८ वर आणून मगच बाहेर सोडते. डॅकच्या डिस्प्लेवर ४८ दिसत असन तर तुमच्या १९२ च्या फायली गावाच्या वेशीवरच अडल्या समजा.

वावरवाला (संध्याकाळी ७:५२)

३०५५ भाऊ, आत्ता पाहिलं. ४८. दोन महिने मी ४८ च ऐकत होतो आणि मित्रांना १९२ चा फरक समजावून सांगत होतो. धागा उडवता येतो का?

ठेचाभाकर (संध्याकाळी ७:५३)

नाही. आता हा धागा सातपुड्यापर्यंत वाचला जाईन.

आर्वीची_लेक (रात्री ८:३५)

सगळे बिटांच्या मागे लागलेत म्हणून एक काळजीचं सांगते. मागच्या श्रावणात वादळात डीपीवरची न्यूट्रल तुटली. न्यूट्रल गेली की दोन फेज आपसात भिडतात आणि घरात २३० च्या जागी ३५०-४०० सुद्धा येऊ शकतात. आमच्या ओळीतल्या सहा घरांचे टीव्ही गेले, दोन फ्रीज गेले, माझा डॅक आणि ॲम्प्लीही गेला. एसएमपीएस १०० ते २४० चा असला तरी ४०० झेपत नाही. तक्रार केली, पंचनामा झाला, पुढे काही नाही.

त्यानंतर मीटरजवळ जास्त-कमी व्होल्टेजला आपोआप तोडणारं यंत्र बसवून घेतलं. एका चांगल्या वायरीपेक्षा स्वस्त पडलं. वावरवाले दादा, ॲम्प्ली कोणताही घ्या, आधी हे घ्या.

झाडीपट्टी_साऊंडवाला (रात्री ९:१५)

ताई, लाखाचं बोललात. आमच्या जनरेटरवर ते यंत्र पहिल्यापासून आहे.

आणि अर्थिंग. नाटकात हम (बॉक्समधली गुणगुण) आला की पोरं वायर बदलत बसतात. मी सांगतो, आधी अर्थिंगचा खड्डा पाहा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, एकदा कोरडी पडली की अर्थिंग नावापुरती राहते. मीठ-कोळसा घातलेल्या खड्ड्यात एप्रिलपासून रोज बादलीभर पाणी ओतायचं.

निवृत्त_ओव्हरसियर (रात्री ९:५०)

भाऊंनी सांगितलं ते सुरक्षेसाठी पहिलं काम. हमचं मात्र दुसरंही कारण असतं. लॅपटॉपचा चार्जर एका बोर्डात, ॲम्प्ली दुसऱ्या बोर्डात, मधे ऑडिओची वायर, की अर्थचा गोल फेरा तयार होतो आणि ५० हर्ट्झ त्यात घुमत राहतं. दोन्ही एकाच बोर्डावर घ्या. आणि ॲम्प्लीच्या डब्याला हात लावल्यावर झणझणत असेल तर दोन पिनेचा एसएमपीएस अर्थशिवाय चाललाय. तसा वापरू नका.

सातबारा (रात्री १०:१०)

बॉक्सला वायर कोणती? चांदीची वगैरे घ्यावी का?

तीनहजारपंचावन्न (रात्री १०:१८)

घरात मोटरीची जुनी केबल पडली असन ना? तांब्याची, दीड एमएमची. पाच मीटरच्या जाण्या-येण्याले ०.१२ ओहम होते. सहा ओहमच्या बॉक्सले ते कायचं दिसते? चांदी बायकोले द्या.

वावरवाला (रात्री १०:४५)

बरं, शरम गिळून पुन्हा आलो. आजोबांच्या खंजिरी भजनाच्या कॅसेटी सापडल्यात, १९८९-९० च्या. राष्ट्रसंतांची भजनं आहेत, आमचं मंडळ मोझरीला जायचं. त्या कॅसेटींसाठी तरी २४ बिटचा काही उपयोग? की तिथेही नाणं?

फिजिक्सचे_मास्तर (बुधवार, सकाळी ६:५०)

तिथे नाणं नाही, तिथे हो. कॅसेटची पोच जेमतेम ५०-५५ डीबी, नऊ बिट धरा. तरी रेकॉर्ड करताना २४ बिटच ठेवा. खंजिरी मध्येच कडाडते, ती लेव्हलच्या वर गेली की कापली जाते, परत जोडता येत नाही. १६ बिटमध्ये लेव्हल खाली ठेवायला मन धजत नाही, २४ मध्ये पंधरा डीबी जागा सोडून निवांत बसा. २४ बिटची खरी गरज ध्वनी पकडताना, माझं तरी हेच मत झालंय. नंतर ऐकायला १६ बिट करा.

डेकच्या हेडची दिशा आधी स्क्रूने जुळवा, ट्रिबल उघडतो. त्याने जितका फरक पडेल तितका ९६ की १९२ ने पडणार नाही.

पुणेरी_कान (सकाळी ८:३०)

हे अगदी बरोबर. आणखी एक, कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळून घ्या. तीस वर्षं पडलेली टेप चिकटलेली असते. माझ्याकडे चांगल्या स्थितीतला डेक आहे, हवा असेल तर कुरिअर करतो. परत पाठवण्याची घाई नाही.

ठेचाभाकर (सकाळी ८:३४)

पुणेकर माणूस स्वतःहून वस्तू देऊन राहिला. स्क्रीनशॉट घ्या रे.

पुणेरी_कान (सकाळी ८:४०)

आजोळ यवतमाळचं आहे हो.

ठेचाभाकर (सकाळी ८:४१)

मंग ठीक.

तीनहजारपंचावन्न (दुपारी १:००)

धाग्याचा मूळ प्रश्न राहूनच गेला. मी म्हणतो, बजेट पंचवीस असन तर एलएम३८८६ चिपचा एबी ॲम्प्ली बनवून घ्या. क्लास डी चांगला आहे, मी नाही म्हणत नाही, पण टीपीए३२५५ सारखी चिप बिघडली तर तिचे पाय मुंगीएवढे. तालुक्याले कोणीच ते सोल्डर करून देत नाही, अख्खा बोर्ड फेका. ३८८६ गेली का मी चहा होईस्तोवर बदलून देतो.

निवृत्त_ओव्हरसियर (दुपारी १:४५)

आणि १७० व्होल्टचं काय?

तीनहजारपंचावन्न (दुपारी २:०५)

ट्रान्सफॉर्मर गुंडाळतानाच १९० ची एक टॅप काढून देतो. लाईन पडली का बटन फिरवा.

निवृत्त_ओव्हरसियर (दुपारी २:३०)

आणि ते बटन १९० वर असताना रात्री पंप बंद होऊन लाईन २५० वर चढली तर? रेल, म्हणजे चिपला मिळणारं आतलं व्होल्टेज, २८ च्या जागी ३७ झाली. अधिक आणि उणे दोन्ही मिळून ७४. चिपची मर्यादा ८४ आहे, म्हणजे मरणार नाही, पण ६ ओहमवर जोरात वाजवलं तर तापून स्वतःला बंद करेल. आर्वीच्या ताईंचं यंत्र लावलंच पाहिजे.

तीनहजारपंचावन्न (दुपारी २:३३)

साहेब, लावतो. आन् हीटसिंक दुप्पट टाकतो.

*(अठरा दिवसांनी)*

वावरवाला (रविवार, रात्री ११:२०)

धागा वर काढतो, हिशेब द्यायचा राहिला होता.

३०५५ भाऊंनी ३८८६ बनवून दिला. मास्तरांनी त्यांचा क्लास डी आठ दिवस वापरायला पाठवला. दोघांचा आवाज मल्टिमीटरने सारखा केला, कारण थोडासा मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. मग भाच्याला पडद्यामागे बसवून वायरी बदलायला लावल्या. सकाळी, लाईन २२५ असताना, मला दोघांत काहीच ओळखता आलं नाही. भाऊजींनी पाच वेळा छातीठोकपणे सांगितलं आणि तीनदा चुकले. संध्याकाळी सहाला, गावातले पंप चालू, लाईन १६८, तेव्हा ३८८६ मोठ्या ढोलकीवर फाटू लागला. टॅप फिरवली, फाटणं थांबलं. जुन्या ४४४० शी मात्र दोघांचाही फरक आईला स्वयंपाकघरातून कळला. तो बोर्ड २ व्होल्ट आत घेताच गुदमरत होता म्हणे.

फायलींची परीक्षाही घेतली. एक २४/९६ फाईल, तिचीच १६/४४.१ केलेली प्रत पुन्हा २४/९६ करून घेतली, म्हणजे डिस्प्ले बदलून चुगली करणार नाही. लॅपटॉपवरून, कूलर बंद, रात्री बारा वाजता. सोळापैकी नऊ बरोबर. पुणेरी_कान, तुम्ही नाराज होऊ नका, डेक तुमचाच वापरतोय.

शेवटी ३८८६ ठेवला. मास्तरांचा ॲम्प्ली परत करताना जीवावर आलं, इतकासा डबा, उचलला की हातात काहीच नाही. पण दुकान आमच्यापासून चार किलोमीटर आहे, आणि आर्वीच्या ताईंची गोष्ट डोक्यात बसली. उरलेल्या पैशात तोडणारं यंत्र आणि अर्थिंगचा नवा खड्डा. बादलीभर पाणी रोज मी ओततो, घरच्यांना वाटतं तिथे काहीतरी लावलंय.

पुणेरी_कान (रात्री ११:४५)

नाराज कशाला. सोळापैकी नऊ तर नऊ. मी पुढच्या सुट्टीत येऊन स्वतः बसेन, बाराच्या वर मारले तर सावजी तुमच्याकडून. कॅसेटींचं काय झालं?

वावरवाला (रात्री ११:५८)

पहिली झाली. हेड जुळवल्यावर खंजिरीच्या चकत्या वेगवेगळ्या ऐकू यायला लागल्या. मध्ये एका ठिकाणी आजोबा भजन थांबवून कोणाला तरी «बैल सुटला पाय» म्हणतात, मग पुन्हा तिथूनच उचलतात. वडिलांनी तेवढंच चार वेळा लावायला सांगितलं. ६० मिनिटांची कॅसेट, २४/९६, दोन जीबीच्या वर झाली. इथे टाकायला दोनदा लावली, दोन्ही वेळा रेंज गेली.

झाडीपट्टी_साऊंडवाला (सोमवार, सकाळी ७:१०)

बैलाचं ऐकायचंय. एमपी३ करून वॉट्सॲपवर पाठवा ना बावा.